टर्बोमशिनच्या सिम्युलेशनमध्ये सीमा अटी कशा द्याव्यात : नासा रोटर ३७ च्या उदाहरणासह

टर्बोमशिनच्या आतील प्रवाहाचे सिम्युलेशन करताना सॉल्व्हरला, म्हणजे प्रवाहाची समीकरणे सोडवणाऱ्या प्रणालीला, आपण खरे तर फार थोडी माहिती देतो. हवा कोणत्या स्थितीत आत येते, बाहेर पडताना तिच्यासमोर किती दाब उभा आहे, कोणत्या भिंती फिरतात आणि कोणत्या स्थिर आहेत, एवढेच आपण सांगतो. यांनाच सीमा अटी म्हणतात. उरलेले सारे समीकरणे ठरवतात. म्हणून या थोड्या माहितीत झालेली चूक मेश (गणितासाठी केलेली प्रवाहाच्या जागेची जाळी) कितीही बारीक केली तरी भरून निघत नाही. सॉल्व्हर अनेकदा तक्रारही करत नाही. तो आपण न विचारलेल्या प्रश्नाचे व्यवस्थित कन्व्हर्ज झालेले, म्हणजे स्थिरावलेले, उत्तर देऊन मोकळा होतो.

हे लेखन कॉम्प्रेसर, टर्बाइन किंवा पंपाचे सिम्युलेशन पहिल्यांदा स्वतः उभे करणाऱ्या अभियंत्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून नासाचा रोटर ३७ घेतला आहे. नासाच्या लुईस संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात अभिकल्पित झालेला हा ट्रान्सॉनिक (प्रवाह कोठे ध्वनीपेक्षा मंद तर कोठे वेगवान असलेल्या) अक्षीय कॉम्प्रेसरचा रोटर, म्हणजे फिरणारी पातीरांग, आहे. १९९४ मध्ये एएसएमई या अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संघटनेच्या आंतरराष्ट्रीय गॅस टर्बाइन संस्थेने त्यावर एक अंधचाचणी घेतली होती, म्हणजे मोजमापे आधी न दाखवता सहभागींकडून गणिते मागवली होती. तेव्हापासून नवा सॉल्व्हर किंवा नवे टर्ब्युलन्स (प्रवाहातील खळबळ) मॉडेल पारखायचे असले की पुष्कळ जण या रोटरकडे वळतात. त्याची पाती ३६ असून अभिकल्प वेग मिनिटाला १७,१८८.७ फेरे आहे. हा आकडा विचित्र वाटतो, पण रेडियनमध्ये मांडला की तो सेकंदाला बरोबर १,८०० होतो. पात्याच्या टोकाचा वेग ४५४.१४ मीटर प्रति सेकंद, अभिकल्प वस्तुमान प्रवाह २०.१९ किलो प्रति सेकंद, एकूण दाबाचे (प्रवाह पूर्ण थांबवल्यास मिळेल त्या दाबाचे) गुणोत्तर २.१०६, तर टोक आणि आवरण यांच्यातील फट ०.३५६ मिलिमीटर आहे.

आधी मोजावे, मग भरावे

सॉफ्टवेअरची खिडकी उघडण्यापूर्वी प्रत्येक सीमेवर किती गोष्टी सांगण्याचा आपल्याला हक्क आहे, हे मोजावे. संपीड्य (दाबाने घनता बदलणाऱ्या) प्रवाहात माहिती ध्वनिलहरींच्या आणि प्रवाहाच्या वेगाने वाहते. सीमेला लंब असलेला वेग ध्वनीपेक्षा कमी असेल, तर प्रवेशावर (वस्तुमान, संवेगाचे तीन घटक आणि ऊर्जा या पाच समीकरणांसाठीच्या) पाचपैकी चार माहित्या बाहेरून आत येतात आणि एक आतून बाहेर जाते. निर्गमावर नेमके उलट होते, म्हणजे एकच माहिती बाहेरून येते. त्यामुळे प्रवेशावर एकूण दाब, एकूण तापमान आणि दिशेचे दोन कोन द्यावेत आणि निर्गमावर स्थितिक दाब (वाहत्या हवेचा प्रत्यक्ष दाब) द्यावा, हा जो सर्वत्र आढळणारा संच आहे, तो केवळ रूढी म्हणून आलेला नसून या हिशोबातून आला आहे. प्रवेशावर एकूण दाबाबरोबर वस्तुमान प्रवाहही ठोकून बसवला, तर आतून येणाऱ्या माहितीला जागाच उरत नाही.

येथे एक गैरसमज हमखास होतो. रोटर ३७ मध्ये पात्याच्या टोकाशी पात्याच्या सापेक्ष मॅक नंबर (वेग भागिले ध्वनीचा वेग) १.४८ इतका आहे, म्हणून प्रवेश अतिध्वनी आहे असे समजून काही जण सर्वच राशी प्रवेशावर बांधून टाकतात. परंतु हिशोबात सापेक्ष वेग धरायचा नसून सीमेला लंब असलेला, म्हणजे येथे अक्षीय वेग धरायचा आहे. तो किती आहे, हे कागदावर काढता येते. टोकाची त्रिज्या ४५४.१४ भागिले १,८००, म्हणजे ०.२५२३ मीटर, हब (पाती ज्यावर बसवलेली असतात तो मधला भाग) आणि टोक यांच्या त्रिज्यांचे गुणोत्तर ०.७, त्यावरून प्रवेशाचे कंकणाकृती क्षेत्र सुमारे ०.१०२ चौरस मीटर येते. एकूण दाब १,०१,३२५ पास्कल आणि एकूण तापमान २८८.१५ केल्विन असताना या क्षेत्रातून २०.१९ किलो हवा जायची असेल, तर मॅक नंबर ०.५८ च्या आसपास, वेग १९० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास आणि स्थितिक दाब ८१ किलोपास्कलच्या जवळपास येतो. प्रवेश म्हणजे ध्वनीपेक्षा कमी वेगाचाच आहे. हे आकडे वहीत लिहून ठेवावेत, कारण पुढे सुरुवातीची स्थिती देताना आणि उत्तर तपासताना त्यांचाच आधार घ्यायचा आहे.

दाब कशाच्या तुलनेत, तापमान कोणत्या चौकटीत

प्रवेशाची अट भरताना दोन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावीत. पहिला प्रश्न असा की, आपण देत असलेला दाब निरपेक्ष आहे की एखाद्या संदर्भ दाबाच्या वर मोजलेला. फ्लुएंट या सॉफ्टवेअरमध्ये ऑपरेटिंग प्रेशर मुळातच १,०१,३२५ पास्कल धरलेले असते आणि सीएफएक्स या सॉफ्टवेअरमध्ये रेफरन्स प्रेशर १ ॲटमॉस्फिअर असते. ते तसेच ठेवून प्रवेशावर पुन्हा १,०१,३२५ लिहिले, तर रोटरला दोन वातावरणांचा दाब मिळतो. मीही ही चूक केली आहे, आणि ती लवकर ध्यानात आली नाही, कारण प्रवेश आणि निर्गम या दोन्हीकडे सारखीच चूक झाल्याने दाबाचे गुणोत्तर जवळपास बरोबर दिसत होते. फक्त वस्तुमान प्रवाह दुप्पट येत होता आणि मी दोन दिवस मेशच्या मापात दोष शोधत राहिलो. संपीड्य प्रवाहासाठी संदर्भ दाब सरळ शून्य करून सर्व दाब निरपेक्ष द्यावेत, असे माझे मत आहे. ओपनफोम या सॉफ्टवेअरच्या संपीड्य सॉल्व्हरमध्ये दाब निरपेक्षच असतो; असंपीड्य सॉल्व्हरमध्ये मात्र दाब घनतेने भागलेला असतो, त्यामुळे पंपाचे सिम्युलेशन करणाऱ्याने पास्कलमधील आकडा तसाच लिहिला तर तो पाण्यासाठी हजारपट चुकतो.

दुसरा प्रश्न अधिक फसवा आहे. रोटरचा भाग फिरत्या चौकटीत, म्हणजे रोटरबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाला दिसेल तसा, सोडवला जातो, आणि एकूण दाब व एकूण तापमान या राशी चौकट बदलली की बदलतात. स्थिर चौकटीतील एकूण तापमान २८८.१५ केल्विन असेल आणि हवेला आधीचा भोवरा नसेल, तर फिरत्या चौकटीत त्यात पात्याच्या वेगाच्या वर्गाला विशिष्ट उष्णतेच्या दुपटीने भागून येणारी भर पडते. रोटर ३७ च्या टोकाशी ही भर सुमारे १०३ केल्विन आहे. सॉफ्टवेअरने आपला आकडा सापेक्ष चौकटीतला समजून घेतला, तर टोकाशी हवा खऱ्यापेक्षा शंभर अंशांनी थंड होऊन आत शिरते आणि हबकडे ही चूक कमी होत जाते. परिणामी प्रवेशावर त्रिज्येनुसार बदलणारे एक खोटे तापमान तयार होते, जे चित्रात पाहिले तर अगदी भौतिक वाटते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एकूण दाब आणि एकूण तापमान स्थिर चौकटीत देण्याचा स्वतंत्र पर्याय शोधून तोच निवडावा आणि गणित सुरू झाल्यावर प्रवेशावरील स्थिर चौकटीतील एकूण तापमान सर्वत्र २८८.१५ येते की नाही, हे पाहावे.

दिशेच्या बाबतीतही हाच नियम लागू होतो. रोटर ३७ ला प्रवेशावर मार्गदर्शक पाती नाहीत, त्यामुळे प्रवाह स्थिर चौकटीत अक्षीय आहे. ‘सीमेला लंब’ हा पर्याय येथे चालतो, परंतु तो स्थिर चौकटीत लंब आहे की फिरत्या चौकटीत, हे तपासावे. प्रवेशमार्ग उतरता असेल, तर हबजवळची दिशा भिंतीला समांतर असायला हवी. अन्यथा मेशच्या पहिल्याच पेशीत प्रवाह भिंतीवर आपटतो. दिशा दंडगोलीय घटकांत देणे सर्वांत सुरक्षित ठरते.

एकूण दाब संपूर्ण उंचीवर एकसारखा द्यावा की त्याचा आलेख द्यावा? केवळ दाबाचे गुणोत्तर हवे असेल तर एकसारखा चालून जातो. परंतु खऱ्या यंत्रात हब आणि आवरण या दोन्हीजवळ सीमास्तर (भिंतीलगतचा मंद हवेचा थर) तयार झालेला असतो, आणि टोकाच्या फटीतून होणारा गळतीचा प्रवाह त्या मंद हवेशी ज्या रीतीने मिसळतो, त्यावर स्टॉल (पात्यांवरून प्रवाह सुटून यंत्र अस्थिर होणे) कधी येणार हे बरेच अवलंबून असते. एकसारखा दाब देऊन प्रवेश पात्यापासून अगदी जवळ ठेवला, तर आवरणाजवळ गरजेपेक्षा जोमदार हवा पोहोचते आणि यंत्र कागदावर अधिक स्थिर दिसते. मोजलेला आलेख उपलब्ध असेल तर तोच द्यावा, आणि सीमाही मोजमाप जेथे घेतले त्या छेदावरच ठेवावी. आलेख नसेल, तर प्रवेश पुरेसा मागे नेऊन सीमास्तर आपोआप वाढू द्यावा.

सीमा लांब ठेवण्याला आणखी एक कारण आहे. सापेक्ष वेग अतिध्वनी असला तरी अक्षीय वेग तसा नसल्याने पात्याच्या पुढील कडेवरचे आघाततरंग प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे प्रवेशाकडे जातात. प्रवेश जवळ असेल तर ते तेथे परावर्तित होऊन परत येतात. अक्षीय जीवेच्या (पात्याच्या अक्षाच्या दिशेने मोजलेल्या लांबीच्या) किमान दीड-दोन पट अंतर पात्याच्या आधी आणि तितकेच किंवा अधिक पात्यानंतर ठेवावे; जागेची अडचण असेल तर परावर्तन न करणारी अट वापरावी.

टर्ब्युलन्सच्या राशी

येथे फार रेंगाळण्याचे कारण नाही, पण सॉफ्टवेअरचे मूळ आकडे तसेच सोडणेही बरोबर नाही. चाचणी-कक्षातील स्वच्छ प्रवेशासाठी तीव्रता (वेगातील चढउतारांचे सरासरी वेगाशी प्रमाण) १ ते ३ टक्के, आधी दुसरी पातीरांग असेल तर ५ टक्के किंवा अधिक, असा साधारण प्रघात आहे. १९० मीटर प्रति सेकंद वेगाला ३ टक्के तीव्रता धरली, तर टर्ब्युलन्सची गतिज ऊर्जा सुमारे ४९ चौरस मीटर प्रति चौरस सेकंद येते. दुसरी राशी म्हणून लांबीचे माप किंवा टर्ब्युलंट श्यानतेचे हवेच्या स्वतःच्या श्यानतेशी गुणोत्तर द्यावे लागते. प्रवेश लांब असेल, तर वाटेत टर्ब्युलन्स विरून जाते, म्हणून आपण सीमेवर दिलेली तीव्रता पात्यापर्यंत पोहोचली का, हे पाहणे हा त्यातला खरा मुद्दा आहे. ती पोहोचत नसेल, तर लांबीचे माप वाढवावे.

भिंती, आणि एका पातीचा हिशोब

छत्तीस पात्यांपैकी एकच पाते सोडवले, तर १० अंशांचा भाग पुरतो आणि दोन्ही बाजूंच्या पृष्ठांवर आवर्ती अट (एका बाजूने बाहेर गेलेला प्रवाह दुसऱ्या बाजूने आत येतो) द्यावी लागते. ही अट सरकवण्याची नसून अक्षाभोवती फिरवण्याची आहे, हे सॉफ्टवेअरला स्पष्टपणे सांगावे. या टप्प्यावर होणारी सर्वांत साधी आणि सर्वांत महागडी चूक म्हणजे वस्तुमान प्रवाहाचा पूर्ण आकडा एका पातीवर लादणे. २०.१९ किलो हा पूर्ण चक्राचा आकडा आहे. एका भागाच्या वाट्याला त्यातले ०.५६१ किलो येतात. काही सॉफ्टवेअर पूर्ण चक्राचा आकडा घेऊन स्वतः भागाकार करतात, काही करत नाहीत.

फिरण्याची दिशा उजव्या हाताच्या नियमाने तपासावी. चिन्ह चुकले तर हवा पात्याच्या चुकीच्या बाजूवर आपटते. सॉल्व्हर बहुधा कोसळतो, पण टर्बाइनमध्ये किंवा मंद पंपात तो तग धरून बसतो आणि मग निदान अवघड होते.

फिरत्या चौकटीत पाती आणि हब स्थिर दिसतात आणि आवरण उलट्या दिशेने फिरते. म्हणून आवरणाला ‘उलट फिरणारी भिंत’ असे वेगळे सांगावे लागते. ते राहून गेले तर आवरणही रोटरबरोबर फिरू लागते आणि टोकाच्या फटीतील सारा प्रवाह बदलतो. अवघी ०.३५६ मिलिमीटरची फट, पण या रोटरच्या कार्यक्षमतेचा आणि स्टॉलचा बराच भाग तीच ठरवते. तपासणी सोपी आहे. स्थिर चौकटीतील वेग भिंतींवर रंगवून पाहावा. आवरणावर तो शून्य, आणि पात्याच्या टोकावर ४५४ मीटर प्रति सेकंद दिसला पाहिजे.

हबचे पुढचे आणि मागचे भाग फिरतात की स्थिर आहेत, हे आराखड्यावरून ठरवावे. अंदाजाने ठरवू नये. रोटर ३७ मध्ये हबवरील स्थिर आणि फिरत्या भागांच्या मध्ये असलेल्या बारीक फटीतून थोडी हवा मुख्य प्रवाहात गळते, आणि हबजवळ मोजलेला एकूण दाब बहुतेक गणितांपेक्षा कमी का आला याचे एक स्पष्टीकरण म्हणून १९९० च्या दशकात ही गळती पुढे आली. इतरांनी हबच्या कोपऱ्यातील विलगीकरणाकडे बोट दाखवले. कोणती बाजू घ्यावी हे येथे ठरवायचे नाही. आराखड्यात असलेली फट आपण अखंड भिंत मानली, तर तीही एक सीमा अटच आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. भिंतींवर घसरण-रहित आणि उष्णतारोधी अट सहसा पुरते. भिंतीलगतच्या पहिल्या पेशीचे वाय-प्लस (भिंतीपासूनचे मापरहित अंतर) एसएसटी या टर्ब्युलन्स मॉडेलसाठी १ च्या आसपास असावे. भिंत-फलन (भिंतीजवळचा प्रवाह सूत्राने अंदाजणारी पद्धत) वापरायचे असेल, तर ते ३० च्या वर ठेवावे. मधल्या पट्ट्यात अडकलेली मेश या दोन्ही पद्धतींना त्रास देते.

निर्गम : येथेच कार्यबिंदू ठरतो

प्रवेशावर दिलेल्या अटी यंत्राच्या बाहेरचे वातावरण सांगतात. यंत्र कॉम्प्रेसरच्या नकाशावर कोठे चालणार, हे निर्गमावरील अट ठरवते. म्हणून या भागाला अधिक वेळ द्यावा.

रोटरमधून बाहेर पडणारी हवा फिरत असते, त्यामुळे त्रिज्येबरोबर दाब वाढतो. किती वाढतो, याचा हिशोब हाताने करता येतो. दाबाचे गुणोत्तर २.१०६ आणि रोटरची कार्यक्षमता ०.८७७ धरली, तर बाहेरचे एकूण तापमान सुमारे ३६६ केल्विन, म्हणजे वाढ ७८ केल्विन येते. मधल्या त्रिज्येवर पात्याचा वेग सुमारे ३८६ मीटर प्रति सेकंद असल्याने ऑयलरच्या समीकरणानुसार (हवेच्या दर किलोला मिळालेली ऊर्जा म्हणजे पात्याचा वेग गुणिले स्पर्शीय वेगातील वाढ) बाहेरचा स्पर्शीय वेग २०३ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतो. अक्षीय वेग १७० धरला, तर बाहेरचा स्थितिक दाब १५० किलोपास्कलच्या जवळ आणि घनता १.६ किलो प्रति घनमीटर येते. घनता गुणिले स्पर्शीय वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, असे केले की त्रिज्येच्या दर सेंटीमीटरला सुमारे ३ किलोपास्कलची वाढ निघते. हबपासून आवरणापर्यंत काही सेंटीमीटरचे अंतर असताना संपूर्ण निर्गमावर एकच स्थितिक दाब लादला, तर हबकडे दाब खऱ्यापेक्षा जास्त आणि आवरणाकडे कमी होतो, आणि सारा प्रवाह आवरणाकडे ढकलला जातो. म्हणून त्रैज्य समतोलाची, म्हणजे त्रिज्येबरोबर दाब असा वाढू देणारी, अट निवडावी आणि आपण देत असलेला दाब हबवरचा आहे, सरासरी आहे की दुसऱ्या एखाद्या त्रिज्येवरचा आहे, हे नोंदवून ठेवावे. दोन सहकाऱ्यांचे निकाल जुळत नसले, तर बहुधा कारण येथे सापडते.

आता स्थितिक दाब द्यावा की वस्तुमान प्रवाह? नकाशा डोळ्यांसमोर आणावा. आडव्या अक्षावर वस्तुमान प्रवाह, उभ्या अक्षावर दाब. चोकच्या (प्रवाह कमाल मर्यादेला पोहोचल्याच्या) बाजूला यंत्राची रेषा जवळपास उभी असते, कारण मागचा दाब कितीही कमी केला तरी हवा वाढत नाही. स्टॉलच्या बाजूला हीच रेषा आडवी होत जाते. निर्गमावर स्थितिक दाब देणे म्हणजे नकाशावर एक आडवी रेघ ओढणे, आणि वस्तुमान प्रवाह देणे म्हणजे उभी रेघ ओढणे. कार्यबिंदू दोन रेषांच्या छेदावर असतो. उभ्या रेषेला आडवी रेघ स्वच्छ छेदते, म्हणून चोकजवळ स्थितिक दाब द्यावा. तेथे वस्तुमान प्रवाह दिला तर दोन उभ्या रेघा एकमेकींवर पडतात, आणि मागितलेला प्रवाह चोकपेक्षा कणभर जरी जास्त झाला तरी उत्तर अस्तित्वातच राहत नाही. स्टॉलजवळ याच्या उलट होते. तेथे स्थितिक दाब अर्धा किलोपास्कल वाढवला तरी सिम्युलेशन कोसळू शकते, आणि ते यंत्राच्या खऱ्या स्टॉलमुळे कोसळले की केवळ आपल्या अटीमुळे, हे सांगता येत नाही. स्थितिक दाब वाढवत जाऊन शेवटचा टिकलेला बिंदू म्हणजे स्टॉल, असे अहवालात लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते तो आकडा जपूनच वापरावा.

या दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे थ्रॉटलची अट. चाचणी-कक्षात कॉम्प्रेसरच्या मागे खरोखरच एक झडप असते. तिच्यासारखे वागण्यासाठी निर्गमाचा दाब वस्तुमान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावा आणि त्याचा गुणांक झडप बंद करत नेल्यासारखा टप्प्याटप्प्याने मोठा करावा. नकाशावर ही रेषा तिरकी, वर जाणारी परवलयिक असते आणि ती यंत्राच्या रेषेला दोन्ही टोकांना व्यवस्थित छेदते. काही सॉफ्टवेअरमध्ये निर्गमावरील दुरुस्त प्रवाह, म्हणजे वस्तुमान प्रवाह गुणिले तापमानाचे वर्गमूळ भागिले दाब, देण्याची सोय असते. तीही याच जातीची आहे आणि चोकपासून स्टॉलपर्यंत एकाच अटीने जाऊ देते. ही सोय असेल, तर मी प्रथम तीच वापरतो.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवावा. सुरुवात कमी मागच्या दाबाने, रोटर ३७ साठी निर्गमावर १०० किलोपास्कलच्या आसपास, करावी. सुरुवातीची स्थिती म्हणून आपण काढलेले वेग आणि दाब द्यावेत, आणि वेग थेट पूर्ण १७,१८८.७ फेऱ्यांवर नेण्याऐवजी अर्ध्यापासून चढवत नेला तर पहिले काही शंभर टप्पे शांतपणे पार पडतात. चोक प्रवाह निश्चित झाला की दाब आधी पाच-पाच, मग दोन-दोन किलोपास्कलने वाढवावा, आणि प्रत्येक वेळी मागील उत्तरापासून पुढे जावे. मोजलेला चोक प्रवाह २०.९३ किलो प्रति सेकंद आहे. आपला आकडा त्याच्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही. म्हणून तुलना करताना स्वतःच्या चोक प्रवाहाच्या ९८ टक्के बिंदू घेण्याची पद्धत या रोटरसाठी रूढ झाली आहे. मोजमापाच्या बाबतीत तो बिंदू २०.५१ किलोवर येतो.

निर्गमावर उलटा प्रवाह शिरत असल्याची सूचना सतत येत राहिली, तर अट बदलण्याआधी निर्गम पुढे न्यावा. फक्त सूचना बंद करण्यासाठी निर्गमावर भिंत उभी करणारा पर्याय निवडणे म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणे होय. सुरुवातीच्या काही टप्प्यांपुरता तो चालतो, अंतिम उत्तरात चालत नाही.

दोन पातीरांगा असतील तर

रोटर ३७ एकटाच सोडवला, तर हा प्रश्न येत नाही. पण मूळ टप्प्यात त्याच्यामागे ४६ पात्यांचा स्टेटर (स्थिर पात्यांची रांग) आहे, आणि १० अंशांचा एक भाग ७.८३ अंशांच्या दुसऱ्या भागाला जोडायचा आहे. मिक्सिंग प्लेन, म्हणजे दोन भागांमधले जोडपृष्ठ, येथे परिघाच्या दिशेने सरासरी काढून पुढे पाठवते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे कोन वेगळे असले तरी अडत नाही; बहुतेक अभिकल्पाच्या कामासाठी तेच पुरे आहे. सरासरी काढल्याने रोटरच्या मागची मंद हवेची शेपूट एका क्षणात विरघळते आणि एन्ट्रोपी वाढते, ही त्याची किंमत आहे, म्हणून हे पृष्ठ पात्यांच्या कडांना चिकटवून ठेवू नये. फ्रोझन रोटर या दुसऱ्या पर्यायात शेपूट तशीच पुढे जाते, पण स्टेटरच्या सापेक्ष ती ज्या जागी गोठवली त्याच जागी राहते; म्हणून उत्तर त्या एका स्थितीचे असते. व्होल्यूट (गोगलगायीच्या शंखासारखे कवच) असलेल्या पंपात त्याला अर्थ आहे. खरा काळानुरूप प्रवाह हवा असेल, तर सरकती मेश वापरावी लागते, आणि ३६ व ४६ या आकड्यांचा सामाईक विभाजक फक्त २ असल्याने अर्धे चक्र, म्हणजे १८ आणि २३ पाती सोडवावी लागतात. पाती थोडी कमी-जास्त मापाची करून आकडे जुळवता येतात, पण तसे केल्यास चोक प्रवाह बदलतो.

चाचणी-कक्षाशी तुलना करताना

मानक आकडे देऊन केलेले गणित आणि आपल्या कक्षातील मोजमाप एकमेकांसमोर ठेवण्याआधी दोन्ही एका मापावर आणावीत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे; मानक वातावरणानुसार तेथील दाब ९४.८ किलोपास्कल येतो. एप्रिलमधल्या ३० अंश सेल्सियसच्या हवेत मोजलेला १ किलो प्रति सेकंद प्रवाह मानक दाब-तापमानाला दुरुस्त केल्यावर सुमारे १.१० किलो होतो आणि वेग अडीच टक्क्यांनी कमी धरावा लागतो. दहा टक्क्यांचा हा फरक टर्ब्युलन्स मॉडेलच्या माथी मारला गेलेला मी पाहिला आहे. त्यापेक्षा प्रवेशावर त्या दिवशीचा मोजलेला दाब आणि तापमान देऊन गणित करावे, हे सरळ.

उत्तर मान्य करण्याआधी

रेसिड्यूअल (समीकरणांत उरलेली त्रुटी) खाली गेले, एवढ्यावर थांबू नये. आत आलेली आणि बाहेर गेलेली हवा यांतील फरक ०.१ टक्क्याच्या आत हवा. वस्तुमान प्रवाह, दाबाचे गुणोत्तर आणि कार्यक्षमता हे तिन्ही आकडे शेवटच्या काही शंभर टप्प्यांत हलत नसावेत. ते ठरावीक लयीत वरखाली होत असतील, तर बिंदू स्टॉलजवळ आहे किंवा पात्याच्या मागे प्रवाह खरोखरच अस्थिर आहे, आणि तेथे स्थिर, म्हणजे काळानुसार न बदलणाऱ्या, गणिताचा आग्रह सोडावा.

यानंतर शक्तीचा हिशोब जुळवावा. अभिकल्प बिंदूवर २०.१९ किलो हवेला ७८ केल्विनची वाढ म्हणजे सुमारे १,५८० किलोवॉट. त्याला १,८०० ने भागले की पूर्ण चक्रावर ८७८ न्यूटन-मीटर टॉर्क, आणि एका पातीवर २४.४ न्यूटन-मीटर. सॉल्व्हरने पात्यावर आणि हबवर दाब व घर्षण यांतून काढलेला टॉर्क आणि प्रवेश-निर्गमाच्या एकूण तापमानातून निघणारा टॉर्क यांच्यात एक टक्क्यापेक्षा अधिक तफावत असेल, तर चौकटीची किंवा एखाद्या भिंतीच्या फिरण्याची अट चुकली असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. अशा वेळी स्थिर चौकटीतील वेग भिंतींवर रंगवलेले ते चित्र पुन्हा उघडावे आणि आवरणापासून पाहायला सुरुवात करावी.